नेनेनच्या खिडकीतली निळी-केशरी फुलं

मित्रांनो, पडद्यानं बोलू नये असा रिवाज आहे. घरातलं घरात राहावं म्हणून तर आम्हाला टांगतात. पण मी आता कुठल्याच खिडकीत नाही, आणि मनात दडपून ठेवलेलं मला आता सोसवत नाही. तेव्हा ऐका. मी एक जुना, फुलाफुलांचा पडदा. निळी फुलं, केशरी फुलं, आणि जिथे ती एकमेकांना चिकटली आहेत तिथे थोडा गढूळ, मातकट रंग. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कोणीतरी कापडावर पाणी सांडलं असावं.

पाणी सांडलं नव्हतं, मित्रांनो. मला आधी कागदावर काढलं ते जलरंगात. दूरच्या एका गिरणीत एक बाई दिवसभर फुलं रंगवायची. तिनं निळ्या पाकळ्या काढल्या आणि त्या वाळायच्या आत शेजारी केशरी फूल टेकवलं. रंग एकमेकांत घुसले. ती चुकचुकली, पुसायला फडकं उचललं, मग मान तिरकी करून बघत बसली आणि तसंच राहू दिलं. पुढे यंत्रानं तेच फूल त्या डागासकट कापडभर छापलं. दुकानाच्या फळीवर बाकीची कापडं करडी, तपकिरी, आपली गप्प बसलेली. मी मात्र लांबून ओळखू यायचो. मी जिथे जाईन तिथे आधी मी दिसेन आणि मग बाकीचे, असं मी शेजारच्या ठाणांना ऐकवायचो. तो तोरा आता आठवला की तोंड कुठे लपवू असं होतं.

मला आमच्या वाडीत आणलं सालेम कापडवाल्यानं. वाडी त्रिनिदादच्या उत्तरेच्या डोंगरात. उतारावर थाइमचे आणि कांद्याच्या पातीचे वाफे, आणि रस्ता असा चढा की सालेम आपली व्हॅन खाली चर्चपाशीच लावायचा आणि ठाण खांद्यावर टाकून घरोघर चढायचा. नाताळाच्या आधी त्याची फार चलती. कारण नाताळाला खिडकीत नवे पडदे नसतील तर त्या घरात मयत झालं असावं असं लोक समजतात. बरं, कोणाचे पडदे कसले हे आदल्या संध्याकाळपर्यंत बाहेर फुटता कामा नये. सख्ख्या बहिणी एकमेकींना पत्ता लागू देत नाहीत. सकाळी सगळी दारं उघडली की मग काय ते बघायचं, वाखाणायचं आणि घरी जाऊन जळायचं.

माझी घडी मोडली ती युदोक्सीबाईंच्या ओट्यावर. वाडीतले निम्मे लोक त्यांना नेनेन म्हणत. आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या वेळी जी बाई लेकराला हातात धरते ती त्याची नेनेन, आणि युदोक्सीनं पुष्कळ लेकरं धरली होती. अंगानं दणकट, बोलायला फटकळ, बोटांना सदा थाइमचा वास. बाजारात तिच्या जुड्या सगळ्यांत आधी खपायच्या, आणि तिच्या जिभेच्या वाटेला कोणी जात नसे. ती कोणालाही चिडवायची. तिला चिडवायची कोणाची छाती नव्हती.

"हे कापड वाडीत अजून कोणाला दिलंस?" तिनं सालेमला विचारलं.

"देवाशपथ कोणाला नाही, बाई. घडी तुमच्यासमोर मोडली."

"आणि देणारही नाहीस. दुसऱ्या कोणाच्या खिडकीत मला हे फूल दिसलं, तर तुझ्या व्हॅनची चाकं दरीत शोधत बसशील."

सालेमनं छातीवर हात ठेवला. "दुसऱ्या कोणाच्या खिडकीत दिसणार नाही. माझा शब्द."

माणूस शब्दाचा पक्का होता. खिडकीत दिसणार नाही म्हणाला आणि खरंच दिसलं नाही. कात्रीनं माझे दोन भाग केले. मोठा भाग, म्हणजे मी, नेनेनच्या पेटीत गेलो. उरलेला तुकडा सालेमच्या खांद्यावर बसून ओहोळापलीकडे गेला, ओदिलच्या घरी.

ओदिल ही नेनेनचीच धर्मलेक. तिची आई व्हेनेझुएलात कामाला गेली ती तिकडचीच होऊन बसली, तेव्हा पोरीला आज्यानं वाढवलं. आजा म्हणजे पापा सिप्री, परांगच्या पथकाचा म्होरक्या. परांग म्हणजे नाताळात घरोघर जाऊन गायची गाणी. शब्द सगळे जुने स्पॅनिश, गाणाऱ्यांतल्या अर्ध्यांना त्यांचा अर्थ ठाऊक नसतो, पण ते सूर दारात आले की माणसाच्या हातातलं काम गळून पडतं. पापा सिप्री जन्मभर पथकापुढे गात आला होता. त्या साली त्याचा घसा बसला तो उठलाच नाही. तो ओदिलला म्हणाला, "पोरी, यंदा तू पुढे राहायचं. मी नुसता क्वात्रो वाजवीन." क्वात्रो म्हणजे चार तारांची छोटी गिटार.

ओदिल शिवणकाम करायची. सगळ्या वाडीचे झगे तिच्या हातचे. स्वतःच्या अंगावर मात्र दुसऱ्यांच्या कापडातून उरलेलं, बाही एका रंगाची आणि कंबर दुसऱ्या. चेहरा बोलका, पण माणसांत आली की दाराच्या चौकटीला टेकून उभी राहणारी. पहिल्यांदाच पथकापुढे उभं राहायचं म्हणून तिनं पहिल्यांदाच अखंड कापड विकत घ्यायचं ठरवलं. ठाणांवरून हात फिरवत ती माझ्या तुकड्यापाशी थांबली.

"हे वाडीत दुसऱ्या कोणाच्या अंगावर नाही ना दिसणार?" तिनं हळूच विचारलं.

"अंगावर? छे. मुळीच नाही," सालेम म्हणाला, आणि ह्यातही त्यानं खोटं काही सांगितलं नाही.

नाताळाच्या आदल्या संध्याकाळी नेनेननं मला दांड्यावर चढवलं. पितळेच्या कड्या, वर चुण्या, खाली झालर. मग ती अंगणात जाऊन उभी राहिली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि स्वतःशीच मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसांची रीघ. हॅम, काळा केक, केळीच्या पानात उकडलेले सारणाचे पास्तेल, लाल अंबाडीचं सरबत. येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघायचा. "युदोक्सी, ह्या वेळी हद्द केलीस. बाग आणून लावलीस की खिडकीत." मी फुगून गेलो होतो. माझं म्हणणं खरं ठरत होतं ना. आधी मी दिसत होतो, मग बाकीचं घर.

दुपारी ओहोळाकडून खुळखुळ्यांचा आवाज आला. पथक आलं. रिवाजाप्रमाणे दार लावून घेतलं होतं. बाहेरून दार उघडायला सांगणारं गाणं सुरू झालं, आणि खोलीतली सगळी माणसं गप्प झाली. तो आवाज ओदिलचा होता. चौकटीला टेकून उभ्या राहणाऱ्या त्या पोरीकडे एवढा मोठा आवाज आहे हे कोणाला माहीत नव्हतं. एक म्हातारी डोळे टिपत म्हणाली, "सिप्रीचं नशीब बघ, घसा गेला तो घरातच सापडला." नेनेनचा चेहरा नुसता फुलून आला. माझी धर्मलेक, माझी, असं शेजारणीला सांगत ती दार उघडायला गेली.

दार उघडलं, आणि दारात मीच उभा होतो.

तीच फुलं, तोच डाग. कमरेला घट्ट, खाली घेरदार, गळ्याला केशरी गोट. ओदिलनं फार सुंदर शिवला होता तो झगा. तिनं खिडकीकडे बघितलं आणि तिचा पाय उंबऱ्यावरच अडला. पण मागून पथक ढकलत होतं, क्वात्रो वाजत होता, गाणं मध्ये तोडायचं नसतं. खोली माणसांनी भरलेली. गाणारीला जागा ठेवली होती ती खिडकीपाशी, कारण तिथे वारा येतो. ती गात गात तिथे येऊन उभी राहिली, अगदी माझ्यापुढे.

मला माझीच लाज वाटायला लागली ती त्या घटकेला. समोरच्या लोकांना ओदिल दिसेनाच. एक चेहरा, दोन हात आणि त्या हातांतले खुळखुळे, एवढंच काय ते उरलं. बाकी सगळा मी. कोणीतरी खाकरलं. दोन पोरी एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. आणि मी नेनेनच्या तोंडाकडे बघितलं. ते आंबट झालं होतं. तिचे पडदे, तिची गुपितं, तिची सकाळपासूनची वाहवा, आणि आता तेच कापड एका पोरीच्या अंगावर. राग खरं तर सालेमवरचा होता. पण सालेम तिथे नव्हता.

"ओदिल, बाई," नेनेन मोठ्यानं म्हणाली, "जरा पुढे ये. तू कुठे संपतेस आणि माझा पडदा कुठे सुरू होतो, मला काही कळेना."

झालं. लोक जेवढा वेळ हसू दाबून होते तेवढ्या जोरानं फुटले. पथकातला व्हायोलिनवाला गास्तों, तो तर अशा संधीची वाटच बघत असायचा. धनुकली वर करून म्हणतो, "अरे सावकाश, पडदा गातोय. खिडकी लावून घ्या, नाहीतर उडून जायचा." तेवढ्यात डोंगरावरून वारा आला. मित्रांनो, वाऱ्यापुढे पडद्याचं काही चालत नाही हो. मी फुगलो, उडालो आणि तिच्या डोक्यावरून पुढे येऊन पडलो. तिचं तोंडसुद्धा झाकून टाकलं मी. हशा एवढा झाला की ताटातले काटे वाजले.

  ओदिलनं मला बाजूला केलं, तोंड उघडलं, पण आवाज काही आला नाही. पापा सिप्री एकटाच क्वात्रो वाजवत होता आणि तिच्याकडे बघून मान हलवत होता, गा पोरी, गा. तिनं खुळखुळे हॅमच्या ताटाशेजारी ठेवले आणि स्वयंपाकघरातून मागच्या दारानं निघून गेली. पुढच्या घरांत सिप्री स्वतः गायला. चिरक्या, फाटक्या आवाजात, कसाबसा.

आमच्याकडे चिडवणं हा खेळ आहे. ज्याला चिडवतात त्यानंही हसायचं. जो रागावला तो हरला. ओदिलला हे ठाऊक होतं, म्हणून ती हसत राहिली. नळावर पोरं तिला बघून हवेतल्या हवेत पडदा सारायची, ती हसायची. गिऱ्हाईक बाया माप द्यायला यायच्या, म्हणायच्या, "मिस पडदा, कंबर मोजतेस की चौकट?" त्यावरही ती हसून टेप पुढे करायची. गाणं मात्र तिनं सोडलं. चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवायची. ते हसणं सगळ्यांनी बघितलं आणि सगळे म्हणाले, बरी आहे पोरगी, मनावर घेतलं नाही.

नेनेनला मात्र उमगलं होतं. वर्ष संपायच्या आतच तिनं काळ्या केकचा मोठा तुकडा ताटलीत घालून ओहोळापलीकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी ताटली परत आली, स्वच्छ घासलेली आणि रिकामी. आमच्याकडे रिकामी ताटली कोणी परत करत नाही. चार मिरच्या तरी ठेवतात, एखादं लिंबू तरी. नेनेननं ती ताटली ओट्यावरच ठेवली. मग आत आली, मला दांड्यावरून ओढून काढलं, घडीसुद्धा नीट घातली नाही, आणि पेटीच्या तळाशी कोंबलं. खिडकीत पुन्हा मागल्या वर्षीचे विटके पडदे लागले. शेजारणीनं विचारलं तेव्हा म्हणाली, "रंग डोळ्यांत खुपतो मेल्याचा."

रंग खुपत होता हे खरं. मला ते पटलं. पेटीत अंधारात पडून मी तेच घोकत असायचो. दिसायची एवढी हौस कशाला हवी होती मला? करडा असतो, तपकिरी असतो, तर ती माझ्यापुढे कशी उठून दिसली असती. मला कसर लागली नाही, पण अंगाला कुबट वास येऊ लागला. कोणी माझी चौकशी केली नाही, आणि करावी असं मलाही वाटत नव्हतं.

पावसाळा सरता सरता पथकांच्या तालमी सुरू होतात. तेव्हा एक दिवस पापा सिप्री नेनेनच्या घरी आला. पेटी पलंगाखाली होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"यंदा पथक नाही निघणार," तो म्हणाला. आवाज म्हणजे नुसता खरखराट.

"नाही कसं? तुझ्या बापापासून चालत आलंय."

"माझ्याच्यानं होत नाही. आणि ती गात नाही. घरीसुद्धा नाही, भांडी घासतानासुद्धा नाही. मी मेलो की ही गाणी माझ्याबरोबर खड्ड्यात जातील, एवढंच सांगायला आलो."

"मी गंमत केली रे सिप्री. ह्या वाडीत कोणाची गंमत होत नाही?"

"तुझी," तो म्हणाला. "तुझी कधी झालीय, युदोक्सी? मला आठवण करून दे."

"कॉफी घे," नेनेन म्हणाली.  सिप्रीनं कॉफीसुद्धा घेतली नाही. तो गेल्यावर तिनं पेटी ओढली, मला वर काढलं आणि मांडीवर घेऊन बसली. माझ्यातला एक मातकट डाग ती अंगठ्यानं घासत होती. जणू तो निघेल.

दुसऱ्या सकाळी ती मला काखेत मारून ओहोळ ओलांडून गेली. ओदिल मशीनवर बसली होती. तिनं मान वर केली आणि माझ्यावर नजर पडताच पुन्हा खाली घातली.

"ह्याचा मला झगा शिव," नेनेन म्हणाली.

मशीन थांबलं. "कशाचा?"

"डोळे आहेत ना तुला? ह्या पडद्याचा. नाताळच्या सकाळी चर्चमध्ये मिसेला घालायचाय."

"नेनेन, अगं, सगळे ओळखतील हा पडदा."

"म्हणूनच शिवायचाय. आणि ह्या कड्या काढू नकोस. गळ्याभोवती चुण्या आहेत तशाच ठेव, कड्यांसकट. नाहीतर कोणी तरी म्हणेल, नवं कापड आणलं, छान आहे."

ओदिल तिच्याकडे बघत राहिली. नेनेन माफी मागत नव्हती. तिला माफी मागता येत नसे, हे कळण्याइतका तिचा आणि माझा सहवास होता. ती फक्त हात पसरून माप द्यायला उभी राहिली. ओदिलनं टेप घेतला. छाती मोजली, कंबर मोजली. टेप पाठीमागून आणताना दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की कोणी तरी काही बोलेल असं मला वाटलं. ओदिलनं आकडे लिहून घेतले आणि टेप गुंडाळला. पण तिनं झगा शिवला. आणि मित्रांनो, सुईनं सांगितलेलं खोटं नसतं असं मी मानतो. शिवण सरळ होती, बारीक होती, रागाचा एक टाका त्यात नव्हता.

नाताळचा दिवस उजाडला. चर्च गच्च भरलं होतं. नेनेन मुद्दाम उशिरा आली. दारात उभी राहून तिनं श्वास घेतला, तो मला तिच्या बरगड्यांवर जाणवला, आणि ती मधल्या वाटेनं निघाली. प्रत्येक पावलाला कड्या किणकिण वाजत होत्या. माना वळल्या. आधी काहीच झालं नाही. हिच्याकडे बघून हसायची सवयच नव्हती कोणाला. फादरसुद्धा पुस्तक उघडं धरून थांबले. लोक एकमेकांची तोंडं बघत होते, पहिला कोण हसतो त्याची वाट बघत.

आणि मग एक हसू फुटलं. खणखणीत, छतापर्यंत जाणारं, आवरता न येणारं. वर्षभर जो आवाज कोणी ऐकला नव्हता तो आवाज. ओदिल हसली होती.

तिच्यापाठोपाठ सगळं चर्च. गास्तों तर बाकावर आडवा झाला. "युदोक्सीबाई, दांडा कुठे विसरलात?" कोणी तरी ओरडलं. "खिडकी घरी एकटी आहे ना?" वर्षानुवर्षं ज्यांनी तिचे टोमणे गिळले होते ते सगळे त्या दिवशी पोटभर हसून घेत होते. नेनेन थांबली नाही. हळूहळू, ताठ मानेनं, पहिल्या बाकापर्यंत चालत गेली आणि बसली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, दगड आहे बाई. मी आतून सांगतो. तिच्या पाठीवरून घामाची धार वाहत होती आणि तिचं काळीज इतकं जोरात धडधडत होतं की गळ्यापाशी कड्या आपोआप वाजत होत्या.

ओदिलनं तोंडावर हात दाबून धरला होता. हसू कधीच विरलं होतं. मिसा संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

बाहेर अंगणात ती नेनेनपाशी आली. सगळ्यांसमोर नाही, पायऱ्यांच्या बाजूला, जिथे फुलं विकणारी बसते तिथे. डोळे लाल झाले होते.

"नेनेन, सगळ्यांत आधी मी हसले."

"ऐकलं मी. तुझा आवाज मला ओळखू येत नाही होय?"

"मला हसायचं नव्हतं. मला ठाऊक होतं तुला कसं वाटेल ते. दुसऱ्या कोणाला नसेल, पण मला तर ठाऊक होतं. तरी आलं."

"येतं," नेनेन म्हणाली. "मलाही तसंच आलं होतं." मग तिनं रुमालानं मान पुसली, कड्या सरळ केल्या आणि नेहमीच्या फटकळ आवाजात म्हणाली, "हसून झालं असेल तर आता गा."

त्या दुपारी पथक निघालं. नेनेनच्या खिडक्या उघड्या बोडक्या, विटके पडदेही तिनं उतरवले होते, सबंध वाडीत तेवढंच एक घर बिनपडद्याचं. दाराबाहेर गाणं सुरू झालं. पहिल्या ओळीला आवाज कापला. दुसऱ्या ओळीला पापा सिप्रीनं क्वात्रोवर जरा जोर दिला. तिसऱ्या ओळीपासून तो आवाज उभा राहिला आणि मग डोंगर उतरून खालपर्यंत गेला म्हणतात. नेनेन आत माझ्यात गुंडाळलेली, दाराच्या कडीवर हात ठेवून उभी होती. दार लगेच उघडायचं नसतं, सगळं कडवं ऐकायचं असतं. तिनं ऐकलं. मी ऐकलं. त्या खोलीत कोणी कोणाच्या डोळ्यांकडे बघत नव्हतं, आणि कोणी हसतही नव्हतं.

पापा सिप्री पुढच्या वर्षी गेला, पण गाणी खड्ड्यात गेली नाहीत. ओदिल आज स्वतः पथकाची म्होरकी आहे. नेनेनही गेली, आणि तिची पेटी धर्मलेकीकडे आली, तिच्याबरोबर मीही. माझा तो उरलेला तुकडा, गळ्याला केशरी गोट असलेला, इथेच माझ्यावर घडी होऊन पडला आहे. पुन्हा एकत्र आलो आम्ही, पण एकमेकांशी फारसं बोलत नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू शेवटी एक विनंती करते, तशी मीही करतो. माझी काळजी घ्या असं काही मी म्हणणार नाही. कापड फाटलं तर फडकं होतं आणि ओटा पुसायच्या कामी येतं. पण कोणी माणूस पहिल्यांदाच नवं काही लेवून, भीत भीत, चारचौघांपुढे उभं राहिलं, तर तुमच्या जिभेवर आलेली गंमत तेवढी गिळा. कितीही चांगली असली तरी गिळा. नेनेननं जेवढं भरून काढता येतं तेवढं काढलं, तरी जे राहिलं ते मी रोज बघतो.

नेनेन जिवंत होती तोवर दर नाताळाला ओदिलला फुलांचं कापड द्यायची. गुलाबी, पिवळं, जांभळं, बाजारातलं सगळ्यांत देखणं. ओदिल ते गालाला लावून बघायची, "फार छान आहे, नेनेन," म्हणायची, आणि दुपारी साध्या करड्या झग्यात गायला यायची. नेनेननं कधी विचारलं नाही. ओदिलनं कधी सांगितलं नाही. ती सगळी कापडं इथे पेटीत आहेत, माझ्या शेजारी, एकाचीही घडी मोडलेली नाही.